पावसाआधी पीएचपी बदलायचं होतं

एप्रिलच्या शेवटी होस्टिंगवाल्यांचा, म्हणजे ज्यांच्या सर्व्हरवर साइट ठेवल्यात त्यांचा, मेल आला, ३१ मे नंतर पीएचपी ७.४ (साइट ज्या भाषेत लिहिल्यात तिची जुनी आवृत्ती) बंद, तोपर्यंत सगळ्यांनी आपापल्या साइट ८.२ वर आणा. मेल वाचून पोटात गोळाच आला, कारण माझ्याकडे ज्या तीन साइट आहेत त्या तिन्ही ७.४ वर. पण रागवायचं कुणावर, ७.४ चा सपोर्ट २८ नोव्हेंबर २०२२ लाच संपलेला, म्हणजे अडीच वर्षं त्यात सुरक्षेची एकही दुरुस्ती आलेली नाही आणि मी मात्र चालतंय ना मग चालू दे म्हणून बसले होते. चालत होतं हेही खरंच. पण होमस्टेची साइट म्हणजे लोकांचे फोन नंबर, येण्याच्या तारखा, घरात माणसं किती, सगळं त्यात येतं, ते असं उघड्यावर ठेवणं बरोबर नव्हतं.

आमचं घर मालवण तालुक्यात, कौलारू. पुढच्या पडवीत माझं टेबल, त्यावर डेस्कटॉप, खाली यूपीएस, आणि त्या यूपीएसची बॅटरी आता दोन-तीन मिनिटांपलीकडे टिकत नाही. साइट तीन. एक तारकर्लीच्या होमस्टेवाल्या काकूंची, एक आमच्याच वाडीतल्या एका बागायतदारांची, हापूसच्या पेट्यांच्या ऑर्डर घ्यायला, आणि एक गावच्या ग्रंथालयाची. ग्रंथालयाचं काम मी पैसे घेऊन करत नाही, लहानपणी मी तिथेच वाढले. काम मे महिन्यात करायचं ठरवलं, आणि नेमकं त्याच वेळी बाबांनी घर शाकारायला काढलं. दरवर्षीचंच आहे ते, पावसाच्या आधी कौलं उतरवायची, झाडायची, फुटकी बदलायची, किडलेली रीप बदलायची, परत चढवायची. म्हणजे वर कौलांचा खडखडाट, खाली धूळ, कॉम्प्युटरवर जुनी चादर, आणि चादरीखाली डोकं घालून मी.

कामाचं सांगायच्या आधी २०२१ चं सांगते, कारण ह्या वेळी जे जे केलं ते त्याच्यामुळे. तौक्ते वादळ आलं त्या मे महिन्यातली गोष्ट. मी ग्रंथालयाच्या नोंदी टाइप करत होते, लाईट गेली, मशीन बंद पडलं, आणि नंतर कितीतरी दिवस लाईटच आली नाही. आली तेव्हा डेटाबेस चालू होईना. मी काय केलं, नवीन झॅम्प (साइट आणि डेटाबेस आपल्याच मशीनवर चालवायचं पॅकेज) टाकलं आणि जुन्याच्या डेटा फोल्डरमधून ग्रंथालयाच्या डेटाबेसचं फोल्डर तेवढं उचलून नव्यात ठेवलं, फाइलीच तर आहेत, कॉपी केल्या की झालं असं वाटलं. पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये (डेटाबेस ब्राउझरमधून बघायचं साधन) डावीकडे टेबलांची नावं सगळी दिसली, जीव भांड्यात पडला, आणि एका टेबलावर क्लिक केलं तर एरर १९३२, हे टेबल इंजिनमध्ये अस्तित्वातच नाही. नाव दिसतंय आणि टेबल नाही. ह्याचं कारण असं की इनोडीबी, म्हणजे डेटाबेसच्या आतलं टेबलं सांभाळणारं इंजिन, आपली टेबलं फक्त त्या त्या फोल्डरमध्ये ठेवत नाही, कुठलं टेबल कुठे आहे, त्याचा नंबर काय, ही सगळी मांडणी बाहेर आयबीडेटा१ नावाच्या एका सामायिक फाइलमध्ये असते. फोल्डर नेलं आणि ती फाइल नाही नेली तर घर नेलं आणि सातबारा मागे राहिला अशी गत. आणि माझ्या बाबतीत ती फाइलच वादळात खराब झालेली. साइट तेव्हा ऑनलाइन नव्हती, फक्त माझ्या मशीनवर होती. दिवाळीत घेतलेला एक डम्प, म्हणजे डेटाबेसमधलं सगळं उतरवून घेतलेली फाइल, सापडला तेवढाच आधार, त्याच्या पुढच्या सगळ्या नोंदी परत टाइप केल्या, तीन आठवडे गेले. त्यातच तो जुना डम्प नव्या झॅम्पमध्ये मराठी नीट दाखवेना, म्हणून मी कुठेतरी वाचून माय.आयएनआय ह्या डेटाबेसच्या सेटिंगच्या फाइलमध्ये कॅरॅक्टर सेट, म्हणजे बाइटवरून अक्षरं ओळखायची पद्धत, बदलून युरोपीय अक्षरांचा लॅटिन१ केला, मराठी दिसायला लागलं, आणि विषय तिथे सोडला. ह्याच्याकडे परत येते.

म्हणून ह्या वेळी पहिलं काम डम्प. फोल्डर कॉपी नाही, मायएसक्यूएल-डम्पने प्रत्येक डेटाबेसची वेगळी एसक्यूएल फाइल. आणि इथे विंडोजवाल्यांनी एक गोष्ट नक्की लक्षात ठेवा, पॉवरशेलमध्ये ते मोठं-पेक्षाचं चिन्ह वापरून आउटपुट फाइलमध्ये ढकलू नका. विंडोजसोबत येणारं पॉवरशेल (कमांड द्यायची खिडकी) तशी फाइल यूटीएफ-१६ ह्या वेगळ्याच पद्धतीत लिहितं, आणि मधल्या मधे मराठीची वाट लागते ती वेगळीच. डम्पच्या कमांडलाच रिझल्ट-फाइल नावाचा पर्याय आहे तो द्यायचा, मग फाइल ती कमांड स्वतः लिहिते आणि पॉवरशेल मधे येतच नाही. डम्प झाला की नोटपॅड प्लस प्लसमध्ये उघडून बघायचा, शेवटची ओळ डम्प पूर्ण झाल्याची आणि तारखेची आहे ना ते बघायचं. ती ओळ नसेल तर डम्प अर्धवट आहे, साइझ कितीही मोठी दिसू दे. मग पेनड्राइव्हवर एक कॉपी आणि पेनड्राइव्ह डब्यात, आईच्या पापडाच्या डब्यात खरंच, कारण घरात धूळ आणि दमट हवा न लागणारी जागा तेवढी एकच.

दुसरी गोष्ट, जुनं काढून त्या जागी नवं टाकायचं नाही असं मी पक्कं ठरवलं होतं. बाबा वर कामाला आलेल्या माणसांना ओरडून सांगत होते, "सगळी कौला एकदम उतरवूची नाय. एक पट्टो काडूचो, घालूचो, मगे फुडे." मी खाली तेच करत होते. जुनं झॅम्प जिथे होतं तिथेच चालू ठेवलं आणि नवं, ८.२.१२, वेगळ्या फोल्डरमध्ये टाकलं. दोन्ही एकाच वेळी चालायला हवीत तर पोर्ट, म्हणजे मशीनवरचे दारांचे नंबर, वेगळे लागतात. अपाचीचा, म्हणजे वेब सर्व्हरचा, ८० चा ८०८० केला, एसएसएलचा ४४३ चा ४४३३, डेटाबेसचा ३३०६ चा ३३०७, आणि पीएचपीमायअ‍ॅडमिनच्या कॉन्फिगमध्ये पण ३३०७ लिहायला विसरायचं नाही, नाहीतर तो नव्या पत्त्यावर उघडतो आणि आत डेटा मात्र जुना दाखवतो, आणि माणूस जुन्याच डेटाबेसमध्ये नवीन प्रयोग करून मोकळा होतो. दोघांपैकी कुणालाच विंडोजची सर्व्हिस करून ठेवायचं नाही, हाताने चालू करायचं, हाताने बंद. मग ब्राउझरच्या दोन खिडक्या, डावीकडे जुनी साइट, उजवीकडे नवी. माझं सगळं काम ह्या दोन खिडक्यांवर झालं आणि मला आता दुसऱ्या कुठल्या पद्धतीने करवणार नाही.

ओरडणाऱ्या एररचं फार सांगत नाही, त्या सोप्या असतात. फाइलीत वरच एरर रिपोर्टिंग शून्य करणारी ओळ होती ती काढली, सगळं दाखव म्हटलं, आणि आलं सगळं धडाधड. ईच फंक्शन ८.० मध्ये गेलं, तिथे फॉरईच. क्रिएट-फंक्शन गेलं, तिथे साधं निनावी फंक्शन. स्ट्रिंगमधलं पहिलं अक्षर काढायला महिरपी कंस वापरलेले, तेही ८.० पासून चालत नाहीत, चौकोनी केले. फाइल आणि ओळ नंबर समोर येतो, जायचं, बदलायचं. दोन दुपारी गेल्या. आंब्याची साइट वर्डप्रेसवर असल्याने तिला तर एक संध्याकाळ पुरली, एक जुना प्लगइन काढून टाकला, बाकी अपडेट केले.

भीती गप्प राहणाऱ्या गोष्टींची. काकूंच्या बुकिंग फॉर्ममध्ये एक जागा आहे, जादा गाद्या किती. बहुतेक लोक ती रिकामीच सोडतात. कोडमध्ये लिहिलेलं, गाद्या डबल-इक्वल (तुलनेची दोन बरोबरची चिन्हं) शून्य असेल तर काही करू नको, नाहीतर काकूंना जाणाऱ्या मेलमध्ये जादा गादी हवी अशी ओळ घाल. आता पीएचपी ७ मध्ये रिकामी स्ट्रिंग आणि शून्य ह्यांची डबल-इक्वलने तुलना केली तर दोन्ही समान. ८.० पासून समान नाहीत, कारण आता समोरची स्ट्रिंग आकडा नसेल तर शून्यालाच स्ट्रिंग करून तुलना होते. एरर नाही, वॉर्निंग नाही, लॉगमध्ये एक अक्षर नाही. फक्त प्रत्येक बुकिंगच्या मेलमध्ये जादा गादी हवी. हे तसंच वर गेलं असतं तर काकूंनी प्रत्येक खोलीत गाद्या टाकल्या असत्या आणि पाहुण्यांकडे त्याचे पैसेही मागितले असते, आणि पाहुणा म्हणणार मी मागितलीच नव्हती. मला हे दिसलं कारण मी तोच फॉर्म डाव्या खिडकीत भरला आणि उजव्या खिडकीतही भरला आणि दोन्ही मेलचा मजकूर शेजारी शेजारी ठेवून वाचला. मग अख्ख्या कोडमध्ये डबल-इक्वल शून्य शोधून काढले, एकोणीस निघाले, त्यातल्या चार ठिकाणी समोरून रिकामं येऊ शकत होतं.

आणि एक गंमत तर ह्याच्या उलट झाली, म्हणजे नव्या पीएचपीने जुनी चूक दाखवून दिली. काकूंच्या साइटवर प्रत्येक खोलीचं थोडक्यात वर्णन येतं, पहिला थोडा मजकूर आणि पुढे तीन टिंबं. मागच्या माडाच्या बाजूची जी खोली आहे तिचं वर्णन नेहमी कोरं. काकूंना वाटायचं मी भरलं नाही, मला वाटायचं काकूंनी पाठवलं नाही, अशी दोन वर्षं गेली. नव्या खिडकीत बघते तर तिथे वर्णन आहे, आणि शेवटी तो काळा पतंगाच्या आकाराचा चौकोन, आत प्रश्नचिन्ह. झालेलं असं की मजकूर कापायला मी साधं सब-स्ट्रिंग वापरलेलं, ते अक्षरं मोजत नाही, बाइट मोजतं. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे वेबवरच्या नेहमीच्या पद्धतीत, ३ बाइटचं, काना वेगळा ३, वेलांटी वेगळी ३, मोकळी जागा मात्र १. मालवण ह्या शब्दात म, काना, ल, व, ण अशी पाच चिन्हं, म्हणजे १५ बाइट. २०० व्या बाइटवर सुरी चालवली तर ती कधी दोन चिन्हांच्या मधे पडते, कधी चिन्हाच्या पोटात. पोटात पडली की ती स्ट्रिंग यूटीएफ-८ म्हणून चुकीची, आणि मग ती एचटीएमएल-स्पेशल-कॅरॅक्टर्सच्या फंक्शनमध्ये गेली की ८.१ च्या आधी ते फंक्शन गुपचूप अख्खी स्ट्रिंगच रिकामी करून परत द्यायचं. ८.१ पासून त्याचं मूळ वागणं बदललं, आता फक्त चुकीच्या बाइटच्या जागी तो चौकोन येतो. त्या खोलीच्या मजकुराची सुरी नेमकी पोटात पडत होती, बाकीच्यांची नशिबाने नाही. आता एमबी-सब-स्ट्रिंगने कापते, आणि तेवढ्यावरही थांबत नाही, कारण ते चिन्हं मोजतं पण जोडाक्षर त्याला कळत नाही, क्ष मधेच तुटून पाय मोडका क राहू शकतो. म्हणून कापल्यावर मागे जाऊन शेवटची मोकळी जागा शोधायची आणि तिथपर्यंतच ठेवायचं. मराठी मजकूर शब्दाच्या मधे तोडूच नये, वाचायलाही बरं वाटत नाही.

ह्या दोन गोष्टी झाल्यावर डोळ्यांनी बघण्यावरचा माझा विश्वास उडाला. दुपारी चहा घेऊन वर गेले तर बाबा उतरवलेल्या कौलांच्या राशीपाशी उकिडवे बसलेले. एकेक कौल डाव्या हातावर तोलून उजव्या हाताच्या बोटाच्या पेराने वाजवायचे. चांगलं कौल खणखणीत वाजतं, बारीक तडा गेलेलं बद्द. तडा दिसत नाही, शेवाळाखाली असतो, धुतलं तरी दिसत नाही, आवाजात कळतो. "बद्द वाजला काय बाजूक टाक," मला म्हणाले आणि माझ्या हातात पण दिली चार. मी पंधरा-वीस वाजवली, त्यातली तीन बाजूला गेली. मग विचारलं, "काय गो, झाला काय तुजा?" म्हटलं, "नाय ओ बाबा, अजून खूप रवला हा."

खाली येऊन मी एक वीसेक ओळींची स्क्रिप्ट लिहिली. साइटच्या सगळ्या पानांच्या पत्त्यांची यादी, प्रत्येक पान एकदा ८० वरून आणायचं, एकदा ८०८० वरून, टॅग काढून टाकायचे, नुसता मजकूर राहिला की दोन्ही जुळतात का बघायचं, नाही जुळले तर पत्ता छापायचा. बस. होमस्टेच्या ६४ पानांत ११ पानं वेगळी निघाली, सहा ठिकाणी नुसत्या वॉर्निंगच्या ओळी वाढलेल्या, पाच ठिकाणी खरंच फरक. ती पाच मला डोळ्यांनी दिसली नव्हती. एका ठिकाणी तारीख. आधी महिन्यांच्या नावांसाठी स्ट्रिंग-एफ-टाइम होतं, ते ८.१ पासून कालबाह्य, म्हणून मी त्याच्या जागी इंटल ह्या एक्स्टेन्शनमधला (वेगवेगळ्या भाषांसाठीचा पीएचपीचा जोडभाग) तारखेचा फॉरमॅटर वापरला, पीएचपी.आयएनआयमध्ये त्याच्यापुढचा अर्धविराम काढला की तो चालू होतो. मराठी दिलं की तो आकडेही देवनागरी देतो, किती छान दिसतं पानावर. पण तीच तारीख मी पुढच्या फॉर्मला पण पाठवत होते आणि तिथे पीएचपीला देवनागरी २५ म्हणजे आकडाच वाटत नाही, इंटीजर केला की शून्य. रात्री किती, शून्य. दाखवायची तारीख वेगळी आणि हिशोबाची तारीख वेगळी ठेवली.

आणि मग ग्रंथालय. डम्प नव्यात टाकला, पान उघडलं, आणि पूर्ण पान भरून रोमन अक्षरांची भुतं. २०२१ ची माझी ती माय.आयएनआयमधली एक ओळ नव्या झॅम्पमध्ये नव्हती ना. पहिल्यांदा मोह झालाच की तीच ओळ इथेही टाकू आणि सुटू. हात तिथपर्यंत गेलाही होता. पण होस्टिंगवर ती फाइल माझ्या हातात नाही, आणि चार वर्षांनी मी परत इथेच येऊन बसणार हे दिसत होतं, म्हणून ह्या वेळी नीट समजून घेतलं.

फक्त म घ्या. यूटीएफ-८ मध्ये त्याचे तीन बाइट, हेक्समध्ये ई०, ए४, एई. हे तीन बाइट कुणी लॅटिन१ म्हणून वाचले तर त्याला तीन वेगळी अक्षरं दिसतात, डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए, मग चलनाची ती चार पाय फुटलेल्या गोलाची खूण, मग गोलात आर. माझ्या ग्रंथालयाची टेबलं मुळात लॅटिन१ म्हणून तयार झालेली. पीएचपी मराठीचे बाइट पाठवायचं, जोडणी लॅटिन१ ची म्हणून डेटाबेस त्यांना तशीच तीन-तीन अक्षरं समजून ठेवायचा, मागितले की तेच बाइट परत, ब्राउझर ते यूटीएफ-८ म्हणून वाचायचा आणि पानावर म. दोन्ही बाजूंनी सारखीच चूक, म्हणून दिसायला बरोबर. वर्षानुवर्षं डेटाबेसला माहीतच नव्हतं की आपल्या पोटात मराठी आहे. म्हणून तर पुस्तकांची यादी कधी नीट अकारविल्हे लागायची नाही, ग्रंथपाल मॅडम दर वेळी सांगायच्या आणि मी बघते म्हणायचे. नव्यात जोडणी यूटीएफ-८-एमबी४ ची झाली, डेटाबेसने प्रामाणिकपणे ती तीन अक्षरं तीन अक्षरं म्हणूनच भाषांतर करून दिली, आणि भुतं दिसली.

दुरुस्ती करताना टेबलाला थेट यूटीएफ-८-एमबी४ मध्ये रूपांतर कर असं सांगायचं नाही. तसं केलं तर ती भुतंच कायमची पक्की होतात. आधी कॉलमचा प्रकार बदलून नुसता बायनरी करायचा, व्हारकॅर असेल तर व्हारबायनरी, टेक्स्ट असेल तर ब्लॉब, म्हणजे डेटाबेस त्याला अक्षरं समजायचं सोडून देतो आणि बाइट जसेच्या तसे राहतात. मग त्याच कॉलमला परत व्हारकॅर करायचं, पण आता यूटीएफ-८-एमबी४ सांगून. दोनच पायऱ्या, प्रत्येक कॉलमला. आणि कोडमध्ये जोडणी झाल्या झाल्या सेट-कॅरसेटची एक ओळ, म्हणजे सर्व्हरवर काहीही लिहिलेलं असू दे. एमबी४ का, तर देवनागरी ३ बाइटमध्ये मावते, इमोजीला ४ लागतात, आणि मायएसक्यूएलमध्ये ज्याला नुसतं यूटीएफ-८ म्हणायचे ते ३ वरच थांबायचं. ग्रंथालयाच्या सूचनांमध्ये मुलं इमोजी टाकतातच.

पण ते करायच्या आधी एक गोष्ट लक्षात आली आणि ह्यासाठी तरी हे सगळं केलं ते बरं झालं असं मला वाटतं. पुस्तकाच्या नावाचा कॉलम ५० चा होता. लॅटिन१ मध्ये ५० म्हणजे ५० बाइट, म्हणजे मराठीत सोळा-सतरा चिन्हं, काने-मात्रा धरून. त्यापुढचं नाव डेटाबेसने निमूट कापून टाकलेलं. लांबी बरोबर ५० बाइट असलेल्या ओळी काढल्या, १४३ आल्या. एकशे त्रेचाळीस पुस्तकांची नावं अर्धवट, आणि आम्ही सगळे समजत होतो की पानावर जागा कमी म्हणून तेवढंच दिसतं.

२२ मेच्या सकाळी छापलेली यादी घेऊन ग्रंथालयात गेले. पाऊस २० तारखेपासूनच लागलेला, मान्सून नव्हे, पण धो धो. ग्रंथपाल मॅडमनी कपाटातून दाखल नोंदवह्या काढल्या, पहिल्या वहीची पानं तपकिरी झालेली, कडा खाल्लेल्या, पण आतली शाई अजून निळी आणि अक्षर इतकं सुबक की वाचताना कुठे अडायला झालं नाही. आमचं ड वर्गाचं ग्रंथालय, लायब्ररीयन म्हणा, झाडणारी म्हणा, सगळं त्या एकट्याच. त्या दाखल क्रमांकावर बोट ठेवून नाव वाचायच्या, मी टाइप करायची. काही नावं पूर्णच निघाली, नेमकी ५० बाइटची. दीड वाजता लाईट गेली तेव्हा लॅपटॉप भावाचा आणला होता म्हणून निभावलं, त्यांनी खिडकी उघडली आणि वही उजेडात धरून वाचत राहिल्या. मधेच एका नावाला थांबल्या, म्हणाल्या हे पुस्तक मी शोधतेय किती दिवस, कॉम्प्युटरवर सापडेना म्हणून हरवलं असं लिहून ठेवलं होतं. उठून गेल्या आणि मागच्या मांडणीतून ते घेऊन आल्या.

घरी येऊन जुन्या आणि नव्या नावांची तुलना लावली तर आणखी एक निघालं. किनाऱ्यावर, वाऱ्याची, दुसऱ्या, असे शब्द असलेली नावं स्क्रिप्ट वेगळी म्हणून दाखवत होती आणि डोळ्यांना तर दोन्ही अगदी एकसारखी. ह्या अर्ध्या ऱ चं दुखणं मराठीत टाइप करणाऱ्या सगळ्यांना कधी ना कधी भेटतं. तो दोन प्रकारे लिहिता येतो, एक म्हणजे नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, दुसरा म्हणजे साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारा जोडक, झीरो विड्थ जॉइनर. जुन्या कीबोर्डवर मी एका प्रकारे टाइप केलं होतं, फोनवर आणि भावाच्या लॅपटॉपवर दुसऱ्या प्रकारे होतं. पीएचपीसाठी ते दोन वेगळे शब्द. मग एक छोटं फंक्शन लिहिलं, डेटाबेसमध्ये काही जायच्या आधी आणि शोधायच्या आधी सगळं नुक्त्याच्या ऱ मध्ये बदलायचं. कुणाला हवं असेल तर मला विचारा, तीन ओळी आहेत.

२४ ला मान्सून केरळात आला आणि २५ ला तर देवगडपर्यंत पोचला, एरवी आपल्याकडे जूनचा पहिला आठवडा उलटतो. घराचा मागचा एक पट्टा अजून उघडा होता, त्यावर ताडपत्री टाकली, त्याच्यावर बाबांनी झापं टाकून दोरीने बांधली, आणि मी पडवीतलं टेबल दोन हात आत सरकवलं. लाईट यायची-जायची, त्यामुळे डेटाबेस चालू ठेवून कुठे उठायचं नाही, प्रत्येक टप्प्याला डम्प, आणि आकाश भरून आलं की सरळ बंद करायचं असं चाललं. २९ तारखेला उघडीप मिळाली तेव्हा भल्या पहाटे होस्टिंगवर ८.२ केलं, तिथे इंटल बंद होतं ते पॅनेलमधून चालू केलं, डेटाबेस चढवले, आणि तीच स्क्रिप्ट परत चालवली, आता एका बाजूला माझं ८०८० आणि दुसऱ्या बाजूला लाइव्ह साइट. ग्रंथालयात दोन पानं वेगळी आली, दोन्हीवर आजची तारीख होती आणि सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. टाइमझोन एशिया/कोलकाता केला. मग काकूंना फोन करून एक खरं बुकिंग टाकायला लावलं, मेल आला, गादीची ओळ नाही.

काल ग्रंथालयात गेले होते, मॅडमनी एक चिठ्ठी हातात दिली, चार दाखल क्रमांक लिहिलेली, ह्यांची लेखकांची नावं पण अर्धवट दिसतात म्हणून. बरोबर आहे, लेखकाचा कॉलम ३० चा होता, तो मी तपासलाच नव्हता. जुनं झॅम्प अजून काढलेलं नाही, आज रात्री लाईट राहिली तर लांबी ३० असलेल्या ओळी काढून यादी छापते, आणि सोमवारी परत वह्या घेऊन बसायचं ठरलंय.